खोबऱ्याच्या वाटीतला राजा

फकरुद्दीनच्या नबीलाचं लग्न झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. साल दोन हजार चोवीस. लग्न जानेवारीत दाभोळला झालं आणि सौदीतल्या अल खफजीत मागे राहिलेल्या राजाभाऊंनी ते मोबाइलवर पाहिलं. फकरुद्दीन गावी जाताना दुकानाच्या किल्ल्या त्यांच्याकडे देऊन गेला होता. म्हणाला होता, "फक्त फ्रीझर तेवढा बघा ओ. बंद पडला तर सगळी मासळी उठून माझ्या नावानं रडेल." त्यामुळे रोज संध्याकाळी राजाभाऊ शटर अर्धं वर करून आत जायचे, फ्रीझरवर हात ठेवून त्याची घरघर ऐकायचे आणि उगाचच थोडा वेळ स्टुलावर बसून राहायचे. लग्नाचा दिवसही त्यांनी त्या स्टुलावरच काढला. मोबाइलच्या चौकटीत नबीला रडत होती, शरफुन्निसाभाभी रडत होत्या आणि फकरुद्दीन कुणालातरी बिर्याणीवरून झापत होता. राजाभाऊंनी एकट्यानेच हसून घेतलं आणि मग डोळे पुसले.

राजाभाऊ आहेर नाशिककडचे. दारणा गोदावरीला मिळते त्या अंगाला त्यांचं गाव. आयटीआय करून खफजीत आले तेव्हा डोक्यावर दाट केस होते. आता टोपी विसरली तर टाळू पोळायची. समुद्रातून निघालेलं तेल पुढे ढकलणारे पंप दुरुस्त करायचे, हे त्यांचं काम. वासंतीवहिनी काही वर्षं इथे त्यांच्याबरोबर राहिल्या. मूलबाळ झालं नाही. पुढे त्या आजारी पडल्या, औषधपाण्यासाठी नाशिकला गेल्या आणि तिकडेच गेल्या. थोरला भाऊ त्याच्याही आधी गेला होता. त्याच्याही पाठीमागे कुणी नव्हतं. आई शेवटी एकटी होती. ती गेली तेव्हा राजाभाऊंनी गावातलं घर भाऊबंदांना देऊन टाकलं आणि देव्हाऱ्यातली एकच वस्तू उचलून आणली. तो वीर होता.

वीर म्हणजे घराण्यातला जो पुरुष लढाईत पडला किंवा अवेळी गेला, त्याचा चांदीचा टाक. नाशिककडे तो देव्हाऱ्यात ठेवतात आणि धुळवडीच्या दिवशी सुक्या खोबऱ्याच्या वाटीत बसवून, तांबड्या फडक्यात बांधून, वाजतगाजत नदीवर नेतात. नाचवतात, आंघोळ घालतात, हळद लावतात आणि परत आणतात. आहेरांचा वीर मात्र इतरांच्या टाकांसारखा नव्हता. इतरांच्या टाकावर घोड्यावरचा गडी असतो. आहेरांचा टाक छोटा, गोल, रुपयाहून लहान. त्यावर नुसता एका माणसाचा चेहरा, एका बाजूने दिसणारा. नाक लांब आणि धारदार. गालावर आडवे वार. मागच्या अंगाला चार गोल चाकं, एका फुलीने जोडलेली.

आई सांगायची, "हा आपला मूळपुरुष. रथात बसून लढला. ती मागं रथाची चाकं. तोंडावर वार झेलले, पाठ नाही दाखवली. आणि नाक बघ, आहेरांचंच."

वाराच्या खाचेत हळद भरायची, हा आईचा नेम. बोटाने हलकेच भरायची, जखमेत औषध भरावं तशी. आणि तेव्हा घराण्यातल्या गेलेल्यांची नावं घ्यायची. दगडू, सखाराम, बाळाजी, असं करत शेवटी ती वीराकडे बघून म्हणायची, "आणि तू." कारण वीराचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

खफजीत वाजतगाजत कुठलं काय? इथे राजाभाऊंची धुळवड अगदी गुपचूप असायची. फकरुद्दीन दुकानातून खोबऱ्याची वाटी आणि हळदीची पुडी काढून द्यायचा आणि पहाटेच्या नमाजनंतर आपल्या गाडीतून राजाभाऊंना गावाबाहेरच्या किनाऱ्यावर न्यायचा. तिथे तो स्वतः गळ टाकून बसायचा. कुणी विचारलंच तर दोन म्हातारे मासे धरायला आलेत, असं दिसावं म्हणून. राजाभाऊ घोटाभर पाण्यात उभे राहून वीराला आंघोळ घालायचे, नावं घ्यायचे. फकरुद्दीन तोवर पाठ करून बसायचा. हे त्याचं त्यानेच ठरवलेलं होतं. तुमच्या देवाकडे बघायचं नाही आणि तुम्हांला एकटं सोडायचं नाही, असा त्याचा हिशेब. एकदा खरोखरच गळाला मोठा हामूर लागला आणि तो ओरडला, "राजाभाऊ, तुमचा वीर पावला ओ! उद्या पण धुळवड करा!"

असं चाललं होतं. आणि मग फेब्रुवारीत राजाभाऊंना ऑफिसने बोलावून सांगितलं की वयाची साठी उलटली, वर्षअखेरीस काम संपेल, फायनल एक्झिट. खलास. साहेब चांगला होता, हात धरून बोलला. राजाभाऊ खोलीवर आले आणि पलंगावर बसून राहिले. परत जायचं तर कुणाकडे जायचं, हा प्रश्न होताच. पण त्याहून मोठा प्रश्न चहाच्या डब्यात तांबड्या फडक्यात बसला होता. आपल्यामागे वीराचं काय? आई म्हणायची, वीर वंशातच राहिला पाहिजे. बाहेर गेला तर तो उपाशी राहतो. वंश म्हणजे आता राजाभाऊ एकटे. छातीत अधूनमधून काहीतरी दाटून यायचं, जिन्यात थांबावं लागायचं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण स्वतःला तर ठाऊक होतं.

वंशात नाही तर निदान भावकीत, असा विचार करून त्यांनी नाशिकला सुशीलला फोन लावला. सुशील त्यांचा चुलत पुतण्या, बिल्डरकडे कामाला.

"काका! बोला. कधी येताय?"

"येईन डिसेंबरात. अरे, एक विचारायचं होतं. आपला वीर आहे ना..."

"कोण?"

"वीर रे. टाक. धुळवडीला काढायचो तो."

"हां हां. आजीकडचा." मागे टीव्ही चालू होता. "त्याचं काय?"

"माझ्यामागं तू ठेवशील का? फार काही करायचं नाही. वर्षातून एकदा गोदेवर न्यायचा, आंघोळ घालायची."

सुशील वाईट मुलगा नव्हता. तो समजुतीने म्हणाला, "काका, खरं सांगू? आम्ही फ्लॅटमध्ये देव कमी केलेत. हिने भिंतीतलं लहान देवघर केलंय. त्यात गणपती आणि बाळकृष्ण मावतात. वीराचं सोवळंओवळं, ते आमच्याच्याने नाही होणार. आणि नाही झालं की मग मनाला लागून राहतं. त्यापेक्षा तुम्ही असं करा, नमस्कार करून पाण्यात सोडून द्या. सगळे तसंच करतात हल्ली. दोष नाही लागत."

"पाण्यात."

"हो. तिकडे समुद्र आहेच की."

राजाभाऊंनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. सुशीलचं काही चुकलं नव्हतं. जुने देव विसर्जित करतातच. पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

नंतर बरेच दिवस ते मनाशी घोळवत राहिले आणि शेवटी ठरलं, येत्या धुळवडीला सोडायचा. सोडण्याआधी एक चांगला फोटो हवा, एवढं त्यांना वाटलं. स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला तर नुसता पिवळा ठिपका दिसायचा. म्हणून मार्चच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ते डबा घेऊन, लग्न उरकून परतलेल्या फकरुद्दीनच्या दुकानात आले. तिथे हर्षवर्धन यायचा. पुण्याचा पोरगा, नवीन इंजिनिअर, चांगला कॅमेरा असलेला, दर दोन दिवसांनी पोहे आणि लसणाची चटणी घ्यायला येणारा.

"हर्षवर्धन, आमच्या देवाचा फोटो काढ बरं," राजाभाऊ म्हणाले आणि गल्ल्यावर फडकं उलगडलं.

हर्षवर्धनने मोबाइल जवळ नेला, लांब नेला, चित्र मोठं केलं. मग त्याने मोबाइल खाली ठेवला आणि टाक हातात घेऊ का, असं विचारलं. हातात घेऊन दिव्याखाली फिरवला. त्याच्या तोंडावर असा आनंद आला की राजाभाऊंनाही बरं वाटलं.

"काका, हा तुमच्याकडे कुठून आला?"

"कुठून म्हणजे? घरचाच आहे. पिढ्यान्‌पिढ्या."

"काका, हा टाक नाही. हे नाणं आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांचं असेल." तो घाईघाईने बोलू लागला. "हा नहपान आहे. क्षत्रप नहपान. क्षहरात घराण्यातला राजा. ही माणसं शक, मूळ इराणी वंशाची. मध्य आशियातून उतरली, इराणच्या टोकाला सिस्तानात राहिली, मग सिंध, गुजरात आणि शेवटी आपलं नाशिक. मी कॉलेजात असताना नाण्यांच्या मागे वेडा होतो काका. तुमच्याच बाजूला, दारणेच्या संगमाजवळ, अशा नाण्यांचं भांडं सापडलं होतं शंभरएक वर्षांपूर्वी. हजारोंनी नाणी. त्यांतलंच एखादं शेतात आधी निसटलं असेल."

"इराणी?" फकरुद्दीनने मान वर केली. "म्हणजे आपल्या समोरचे? पाण्यापलीकडचे?"

"त्या बाजूचेच चाचा, पण आणखी पुढचे."

"अरे मग राजाभाऊ, तुमचं नाक आलं कुठून?"

राजाभाऊ हसले नाहीत. म्हणाले, "ते वार बघ. गालावर. राजाच्या नाण्यावर वार कशाला असतील? वीर आहे तो."

हर्षवर्धन क्षणभर अडखळला. पण ज्याला एखादी गोष्ट ठाऊक असते, त्याला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. "ते वार नाहीत काका. शिक्का आहे. सातवाहनांच्या गौतमीपुत्राने याला हरवलं आणि याची नाणी गोळा करून त्यांवर आपला शिक्का मारला. नवी पाडायची तसदी घेतली नाही, याच्याच तोंडावर ठोकला. ही बघा टेकडी, तीन कमानींची. तुम्ही म्हणता ते वार म्हणजे टेकडीच्या रेघा. आणि मागची चाकं, तीपण सातवाहनांची खूण. रथाची नाहीत."

"आणि पुढं त्याचं काय झालं? ह्या राजाचं?"

"गेला. त्याच्या कुळाचा काही मागमूसच उरला नाही. पांडवलेण्यात लेख आहे बघा. गौतमीपुत्राच्या आईने कोरून घेतलाय. माझ्या मुलाने क्षहरातांचं कुळ मुळासकट संपवलं म्हणून."

"निर्वंश केला."

"हो काका. निर्वंश."

 मग वातावरण हलकं करावं म्हणून हर्षवर्धनच म्हणाला, "पण माणसं चांगली होती. याच्या जावयाने खूप दानं केली. नारळाची झाडं वाटली. डहाणूच्या बाजूला नद्यांवर फुकट नावा सुरू केल्या."

"डहाणूला फुकट?" फकरुद्दीनने गल्ल्यावर हात आपटला. "आणि दाभोळला काय दिलं?"

"दाभोळचं लेण्यात नाही चाचा."

"बघा! आम्ही अजून फेरीबोटीला तिकीट काढतोय. राजा असून फुकट गेला हा." मग राजाभाऊंकडे पाहून त्याने आवाज उतरवला. "पण नारळ दिला, म्हणून खोबऱ्याच्या वाटीत बसतो वाटतं. काय ओ?"

राजाभाऊंनी नाणं फडक्यात बांधलं. "फोटो राहू दे," म्हणाले आणि निघाले. त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं की काहीतरी बिनसलंय. हर्षवर्धन मागे धावला, "काका, म्युझियमला द्या, मी सांगतो कुणाला ते," असं काहीबाही बोलला. राजाभाऊंनी हाताने नको नको केलं.

रमजान लागला. दिवसा गाव शांत, दुकान दुपारी बंद. राजाभाऊ कामावरून आले की खोलीत बसायचे. डब्याकडे पाहायचेच नाहीत. त्यांना राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. हर्षवर्धनचा नव्हे. आईचा थोडासा. एवढी वर्षं एका परक्या माणसाला हळद लावली, परक्यापुढे आजोबा-पणजोबांची नावं घेतली. आणि तो आपला कुणीच नव्हता. वासंतीच्या ओटीत हेच नाणं ठेवून आई म्हणाली होती, वीर तुझी कूस उजवील. ज्याची स्वतःची वेल खुडून टाकलेली, तो कुणाची कूस काय उजवणार! हे मनात आलं आणि त्यांना वासंतीची इतकी आठवण झाली की ते उठून बाहेर पडले.

चालत चालत ते समुद्रावर आले. सूर्य मावळायला थोडा अवकाश होता. किनाऱ्यावर चटया टाकून माणसं रोजा सोडायला बसली होती. कुणीतरी त्यांना खजूर आणि पाण्याची बाटली दिली, कोण कुठला विचारलं नाही. राजाभाऊ ती हातात धरून पाण्याकडे तोंड करून बसले. समोर नुसतं पाणी. त्यापलीकडे इराण, आणि आणखी कुठेतरी पुढे तो मुलूख, जिथून ही माणसं निघाली. पोटासाठीच निघाली असतील. कुणी घोड्यावरून निघतं, कुणी विमानाने. तिथून इतक्या लांब येऊन नाशकात राज्य केलं, झाडं लावली, नावा सोडल्या, आणि एके दिवशी कुणीतरी तोंडावर ठोकून शिक्का मारला. खलास.

मग त्यांना एक वेगळंच चित्र दिसू लागलं. कुणीतरी पहिल्यांदा हे नाणं उचललं असेल. आहेरांच्याच घरातली एखादी बाई असेल, निंदायला गेलेली. ढेकळात काहीतरी चमकलं. तिने पदराने पुसलं तर एका माणसाचा चेहरा, आणि गालावर घाव. तिला काय ठाऊक शक आणि सातवाहन! तिला एवढंच कळलं असेल की हा कुणीतरी लढाईत मारला गेलाय आणि याचं मागे कुणी नाही, नाहीतर असा शेतात पडून राहिला नसता. म्हणून तिने घरी आणला. धुतला. जखमेत हळद भरली. एका आईने लेण्यात कोरून ठेवलं की याचं कुणी उरलं नाही, आणि दुसऱ्या आईने त्याला आपल्या घरातला म्हणून ठेवून घेतला.

अजान झाली. शेजारच्या माणसाने खुणेने सांगितलं, खा. राजाभाऊंनी खजूर खाल्ला.

त्या वर्षी धुळवड पंचवीस मार्चला आली, सोमवारी. राजाभाऊंनी रजा टाकली. सहेरीचं जेवण आणि नमाज आटोपून फकरुद्दीन गाडी घेऊन आला तेव्हा पुढच्या सीटवर शरफुन्निसाभाभी बसलेल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्या कधी आल्या नव्हत्या.

"घरात करमत नाय भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरगा झैद रियाधला, नबीला सासरी. खोल्या खायला उठतात. म्हटलं, चला, मी पण बघते तुमचा बंदा मासे किती धरतो ते."

"भाभी, आज शेवटचंच आहे," राजाभाऊ म्हणाले. "आज सोडणार आहे त्याला."

फकरुद्दीनने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी पुढे काढली.

किनाऱ्यावर गार वारा होता. पाणी उथळ, काचेसारखं. फकरुद्दीनने गळ टाकला आणि नेहमीसारखा पाठ करून बसला. शरफुन्निसाभाभी गाडीला टेकून उभ्या राहिल्या. राजाभाऊ वाळूतून जाताना एकदा थांबले, छातीवर हात ठेवला, मग पाण्यात उतरले. फडकं सोडून वाटी पाण्यावर ठेवली. वीराला बुचकळून काढलं, अंगठ्याने चेहरा चोळला. गालावरच्या रेघांत हळद भरली. रेघा टेकडीच्या आहेत हे आता ठाऊक होतं, तरी बोट आपोआप हलकं झालं. मग नावं घेतली. दगडू. सखाराम. बाळाजी. भावाचं नाव घेतलं. वासंतीचंही घेतलं. बाईचं नाव वीरापुढे घ्यायची रीत नव्हती, पण आता रीत बघायला कोण होतं? शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "आणि तू. नहपान."

आहेरांच्या घराण्यात पहिल्यांदाच वीराला कुणी नावाने हाक मारली होती. राजाभाऊंचा हात तसाच पाण्यावर राहिला. सोडायचं होतं आणि सोडवत नव्हतं.

"सोडताय काय खरंच?" मागून शरफुन्निसाभाभींचा आवाज आला. त्या कधी पाण्याच्या काठाशी आल्या होत्या ते कळलंच नव्हतं.

"मग काय करू भाभी? माझ्यामागं कुणी नाही. ह्याच्यामागं तर कधीपासूनच नाही."

"म्हणून पाण्यात टाकायचा? माणसाला असं टाकतात काय?"

"वंशातच राहायला पाहिजे, असं आमच्यात..."

"वंशातला होता काय तो तुमच्या?" त्या फटकन बोलल्या आणि मग मऊ झाल्या. "तो पोरगा काय बोलला ते मला ह्यांनी सांगितलं. परकाच होता ना? तरी ठेवलात. माझी नबीला आता त्यांच्या घरची झाली. मी काय म्हणते, ती पण परक्याच घरी गेली. तिथंच राहील, तिथलीच होईल. घ्यायला हात पुढं आला म्हणजे झालं." त्यांनी खरंच हात पुढे केला. "द्या माझ्याकडे."

फकरुद्दीन गळ खाली ठेवून उठला. पहिल्यांदाच त्याने तोंड इकडे फिरवलं होतं. "अगो, देव आहे तो त्यांचा!"

"देव कुठला? नाणं आहे. त्या हर्षवर्धननं सांगितलंय. राजाचं नाणं घरात ठेवलं तर काय बिघडतं? तुम्ही जुना रियाल नाय ठेवलाय कपाटात?"

फकरुद्दीनने डोकं खाजवलं. एवढ्या वर्षांत जी अडचण त्याने पाठ फिरवून सांभाळली होती, ती बायकोने एका वाक्यात उडवली होती. "नाणं आहे म्हटल्यावर..." तो म्हणाला, "नाण्याला कसली हरकत?"

"भाऊ, आधीच सांगून ठेवते," शरफुन्निसाभाभी म्हणाल्या. "पूजा-बिजा, हळदकुंकू, ते माझ्याच्यानं होणार नाय. आमच्यात चालत नाय. पण वर्षातून एकदा इथं आणीन. धुवून, पुसून परत नेईन. उपाशी-बिपाशी नाय राहायचा, माझ्या घरात कुणी राहिलं नाय अजून."

राजाभाऊ पाण्यात उभे होते. त्यांनी नाणं स्वच्छ धुतलं. गालावरची हळद जाईपर्यंत धुतलं. नुसता चेहरा राहिला, धारदार नाकाचा, आणि त्यावरून गेलेली ती टेकडी. कोरड्या रुमालाने पुसून त्यांनी ते भाभींच्या तळहातावर ठेवलं. भाभींनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"अगोबाई. नाक तर तुमचंच आहे."

तेव्हा मात्र राजाभाऊ हसले. हसता हसता खोकला आला आणि ते वाळूत बसले. फकरुद्दीनने धावत येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खोबऱ्याची वाटी पाण्यावर हलत हलत दूर चालली होती. त्या दिवशी मासा एकही लागला नाही. नाणं शरफुन्निसाभाभींच्या बांगड्यांच्या डब्यात, नबीलाने मागे ठेवलेल्या काचेच्या बांगड्यांशेजारी गेलं.

पुढच्या वर्षी धुळवड चौदा मार्चला होती. तेव्हाही रमजान होता, आणि शुक्रवार. हर्षवर्धनने आठवण करून दिली, पण भाभींना ती आधीच होती. दुकानाच्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर राजाभाऊंनीच दिवाळीत, ते आल्याआल्या, त्या तारखेला गोल करून ठेवला होता. पहाटे फकरुद्दीनने गाडी काढली. किनाऱ्यावर जाऊन त्याने गळ टाकला आणि पाठ केली नाही. शरफुन्निसाभाभी सलवार सावरत पाण्यात उतरल्या, नाणं बुचकळलं, अंगठ्याने चेहरा चोळला. नावं घ्यायची रीत त्यांनी पाहिली होती, पण दगडू आणि सखाराम त्यांच्या ओळखीचे नव्हते. म्हणून त्यांनी एकच नाव घेतलं. "राजाभाऊ," असं म्हणाल्या, दारात उभं राहून हाक मारावी तशा, आणि नाणं ओढणीच्या टोकाने पुसलं.

राजाभाऊ आहेर त्याआधीच, नऊ नोव्हेंबर दोन हजार चोवीस रोजी, अल खफजीत आपल्या खोलीवर झोपेत वारले. फकरुद्दीनने कागदपत्रं करून त्यांना नाशिकला पाठवलं आणि सुशीलने अग्नी दिला.